फीडरखालची बाई

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी एवढंच सांगतो, यातले दोन फोटो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. आणि ज्याच्या वाट्याला हे आलं, तो माझ्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ आहे. थापा मारायची त्याची जात नाही. मुळात तो बोलतोच कमी.

त्याचं नाव एलेउतेरिओ बारेरा. सगळे तेयो म्हणतात.

टेक्सासच्या पार दक्षिणेला रेतामा नावाचं रँच आहे. मालकीण सॅन अँटोनिओला राहते. तेयो तिथला राखणदार. फाटकाजवळच्या घरात तो आणि त्याची बायको दालिया, दोघंच राहतात.

घटना घडली नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, दिवस मावळताना. हरणांच्या शिकारीचा हंगाम त्याच दिवशी उघडला होता.

पण सुरुवात त्याच्या आधी झाली होती... ऑक्टोबरात.

रेतामाचं रान म्हणजे वेडी बाभूळ, फड्या निवडुंग आणि वाळू. चार पावलं आत गेलं की माणूस दिसेनासा होतो. हायवेवर तपासणी नाकं आहे. ते चुकवायला सीमेपलीकडून आलेली माणसं या रानातून चालत जातात. काही पोचतात. काही पोचत नाहीत. आभाळात गिधाडं घिरट्या घालताना दिसली की तेयो मुकाट्यानं गाडी तिकडे वळवायचा.

अशा रानात हरणाच्या मागे धावून शिकार होत नाही. हरणाला बोलवावं लागतं.

म्हणून फीडर.

तीन उंच पायांवर एक पिंप. पिंपात मका. तळाला छोटी मोटर. पहाटे आणि संध्याकाळी मोटर घर्रर्र करून फिरते, दाणे चहूकडे उडतात. हरणांना त्या आवाजाची सवय लागते. मग समोरच्या मचाणात बंदूक घेऊन बसायचं आणि वाट बघायची. जमीन खाजगी, मका आपला, कायद्याची आडकाठी नाही.

मागच्या कुरणातला फीडर कोल्बी प्रूइटचा होता.

कोल्बी ह्यूस्टनचा. पोहण्याचे तलाव बांधायचा धंदा. हंगामाचं भाडं भरून तो आणि त्याचे दोन मित्र, वेड आणि डॅरेल, दर वर्षी यायचे. त्यानं फीडरसमोर नवा कॅमेरा लावला होता. काही हललं की कॅमेरा फोटो काढून थेट फोनवर पाठवायचा. कोल्बीच्या, दोन्ही मित्रांच्या, त्याच्या बायकोच्या आणि तेयोच्याही. फोनवर बोट दाबलं की ह्यूस्टनला सोफ्यावर बसून इथली मोटर फिरवता यायची.

त्या वर्षी एक मोठा नर तिथे यायला लागला होता. शिंगं अशी, की कोल्बीची झोप उडाली होती.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तेयोचा फोन वाजला. फोटो होता.

त्याला वाटलं, तो नर.

नर नव्हता. बाई होती.

ठेंगणी. कमरेला निळं जाकीट बांधलेलं. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलेलं. गुडघ्यांवर बसून मातीतले दाणे वेचत होती. मी पाहिलेल्या दोन फोटोंपैकी हा पहिला.

मागोमाग कोल्बीचा निरोप आला. "पोरांनो, नवी हरिणी आलीय. पण शिंगं नाहीत."

वेडनं उत्तर दिलं, "मारू नको रे. माद्यांचा परवाना नाही तुझ्याकडे."

खाली हसण्याची चित्रं.

दुसऱ्या दिवशी ती तिथेच होती. वाळलेला मका दातांनी फुटत नाही. ती तो तोंडात धरून ठेवायची, गाल फुगायचे. पण त्यासाठी तोंडात ओल लागते. आणि मागच्या कुरणात पाणी नाही. पवनचक्कीची टाकी कित्येक मैलांवर.

कोल्बीला आता खेळ सापडला होता.

ती फीडरजवळ आली की तो मोटर फिरवायचा. क्षणभरच. दाणे तोंडावर बसायचे, ती दचकून मागे पडायची. मग बंद. ती पुन्हा जवळ आली की पुन्हा घर्रर्र. प्रत्येक वेळी फोटो. प्रत्येक फोटोखाली काहीतरी.

"नाचते कशी बघा!"

"डॅरेल, लाव पैज. अजून किती वेळ थांबेल?"

तेयोनं फोन लावला.

"मिस्टर कोल्बी, मी जाऊन तिला घेऊन येतो."

"अजिबात नाही," कोल्बी म्हणाला. "हंगाम तोंडावर आलाय, तेयो. तिचा वास लागलाय तेवढा पुरे. त्यात तुझी गाडी, तुझे बूट, तुझ्या तंबाखूचा वास. तो नर पुन्हा फिरकेल का?"

"ऊन फार आहे. तिच्याकडे पाणी दिसत नाही."

"अरे, आली तशी जाईल. मी मोटरच बंद करतो. मका मिळाला नाही की उठेल. मांजराला दूध दिलं की ते हलत नाही, तसं आहे हे."

"मी नुसतं पाणी ठेवून..."

"तेयो." कोल्बीचा आवाज बदलला. "तुझ्या मालकिणीला फोन करू का मी?"

तेयोनं फोन ठेवला.

दालिया चुलीपाशी टॉर्टिया शेकत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जातोस ना?"

"उद्या जातो."

"उद्या? अरे म्हाताऱ्या, उद्या तिथे काय असेल ते तुला कळत नाही?"

"नोकरी गेली तर कुठे जायचं? तुझ्या आईकडे?"

"गाडी घे आणि जा. मी सांगते तुला, जा."

तो गेला नाही.

कोल्बीनं मोटर बंद केली होती. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत ती फीडरखाली बसलेली होती. मांडी घालून, हात गुडघ्यांवर, मान वर. पिंपाच्या तळाकडे बघत. दाणे पडायची वाट बघत.

मग एका सकाळी ती आडवी दिसली.

कोल्बीनं लिहिलं, "झोपली वाटतं."

तेव्हा तेयो गेला.

मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीत दाणे. ओठ फुटून काळे पडलेले. आणि तिच्या डोक्यावरच्या पिंपात गळ्यापर्यंत मका भरलेला होता.

शेरीफची माणसं आली, घेऊन गेली. अशा केसमध्ये कुणी फारसे प्रश्न विचारत नाही. तालुक्याच्या दफनभूमीत एका कोपऱ्यात तिला पुरलं. वर पत्र्याची पाटी... अनोळखी स्त्री.

कोल्बीचा फोन आला. "वाईट झालं रे," तो म्हणाला. "तेयो, ती जागा साफ करून घे. वरची माती खरवडून लांब टाक. वास राहता कामा नये."

आणि तेयोनं ती माती खरवडली.

कोल्बीनं मोटर पुन्हा चालू केली. पहाटे आणि संध्याकाळी मका उधळायला लागला.

पण हरणं आली नाहीत.

तो मोठा नर नाही. माद्या नाहीत. हरणांचं जाऊ द्या, मका पडला की रानडुकरं येतात, रॅकून येतात, होल्यांचे थवे उतरतात. काहीच आलं नाही. मातीवर एक पाऊल नाही. एक पीस नाही.

आणि तरीही...

दाणे राहत नव्हते.

एकही नाही. मोटर फिरायची, दाणे पडायचे, तेयो जाऊन बघायचा तर जमीन पुसून घेतल्यासारखी. कॅमेरा फोटो पाठवायचा, म्हणजे काहीतरी हललं होतं. फोटोत नुसता फीडर आणि मागची बाभूळ.

कोल्बी चिडला. "कॅमेरा खराब आहे. पिंप भर, अजून मका टाक. पोत्यानं टाक."

तेयो पोतं घेऊन गेला. शिडी लावून वर चढला, झाकण उघडलं. भर दुपार होती. वारा नव्हता. पोतं पिंपात रिकामं करताना थोडे दाणे खाली सांडले.

त्यानं पोतं झटकलं. आणि त्याला आवाज आला...

टक.

थोडं थांबून पुन्हा. टक... टक...

प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत कुणीतरी एकेक दाणा टाकावा, तसा.

आवाज बरोबर त्याच्या पायाखालून येत होता. शिडीच्या बुडाशी.

त्यानं खाली पाहिलं नाही. तो मला म्हणाला, "पोतं रिकामं झालं होतं, तरी मी ते झटकत राहिलो. आवाज थांबायची वाट बघत राहिलो."

आवाज थांबला. मग त्यानं खाली बघितलं.

कुणी नव्हतं. सांडलेले दाणेही नव्हते.

त्यानं दालियाला सांगितलं. तिनं हातातली परात खाली ठेवली.

"तिचं काय चुकलं?" ती म्हणाली. "भूक लागलीय तिला."

हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी तिघे आले. बिअरचे खोके, मांस भाजायची जाळी, नव्या बंदुका. रात्रीच्या जेवणात कोल्बीनं नक्कल करून दाखवली. गुडघ्यांवर बसला, मान वर केली, तोंड आ केलं. वेडनं वरून शेंगदाणे टाकले. डॅरेलला हसताना ठसका लागला.

तेयो लाकडं रचत होता. त्याच्याकडे बघून कोल्बी म्हणाला, "अरे, तुझं तोंड का असं? तुझी नात्यातली होती का?"

"नाही, मिस्टर कोल्बी."

"मग झालं तर."

पहाटे तिघे तीन मचाणांवर गेले. कोल्बी मागच्या कुरणात.

उन्हं वर आल्यावर वेड आणि डॅरेल परत आले. कोल्बी आला नाही. बसला असेल हट्टानं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मग वेड, डॅरेल आणि कँपवर काम करणारा तेयो, तिघांचेही फोन एकदम वाजले.

फोटोत कोल्बी होता.

फीडरखाली बसलेला. मांडी घालून, हात गुडघ्यांवर, मान वर. पिंपाच्या तळाकडे बघत.

वेडनं मांडीवर थाप मारली. "बघा, बघा या गाढवाकडे! काल पोट भरलं नाही वाटतं!"

डॅरेलनं त्याला निरोप पाठवला. "छान दिसतोयस. शिंगं कुठे ठेवलीस?"

उत्तर आलं नाही.

थोड्या वेळानं आणखी एक फोटो. तसाच. मग आणखी एक. बोटाचाही फरक नाही.

"मी जाऊन बघतो," तेयो म्हणाला.

"नको रे," वेड हसत म्हणाला. "जागेला वास लागेल तुझा."

दोघांनी जाळीवर मांस टाकलं. दुपारी झोप काढली. फोटो येतच होते.

दालिया कँपवर पाव द्यायला आली होती. तिनं तेयोच्या हातातून फोन घेतला, बघितला, त्याच्या छातीवर परत दाबला.

"आता तरी जा," ती म्हणाली.

तेयो मागच्या कुरणात पोचला तेव्हा सूर्य बाभळींच्या मागे गेला होता. सगळं रान तांबूस.

फीडरखाली कुणी नव्हतं.

"मिस्टर कोल्बी!"

काही नाही. साधा किडासुद्धा ओरडत नव्हता.

मचाणाचं दार उघडं होतं. आत बंदूक कोपऱ्यात टेकवलेली. सँडविच कागदात तसंच. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या, एकीचंही बूच उघडलेलं नाही. बूट... खुर्चीखाली नीट जोडीनं ठेवलेले.

तेयो खाली उतरला. फीडरसमोर येऊन उभा राहिला. कॅमेरा अगदी समोर, त्याच्याकडे तोंड करून.

त्याच वेळी मोटर फिरली. घर्रर्र... दाणे त्याच्या टोपीवर, खांद्यावर पडले.

आणि खिशातला फोन वाजला.

फोटो आत्ताचाच होता. तांबूस उजेड तोच. मागची बाभूळ तीच.

फीडरखाली कोल्बी बसला होता.

त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, एक बाई बसली होती. पाठमोरी. तिचा हात कोल्बीच्या गुडघ्यावर.

आणि जिथे तेयो उभा होता... तिथे कुणीच नव्हतं.

तेयो फोटोत नव्हता.

त्यानं मान वर केली. समोर रिकामी जमीन. फोनमध्ये बघितलं. दोघं बसलेली. हात लांब केला तर कोल्बीच्या डोक्याला लागेल, एवढ्या अंतरावर.

त्यानं हात लांब केला नाही.

शोध सुरू झाला. कुत्री आणली, हेलिकॉप्टर आलं. कुत्री फीडरपर्यंत यायची आणि पोट जमिनीला लावून बसायची. पुढे माग नाही, मागे माग नाही.

फोटो येतच होते.

आधी पोलिसांना वाटलं, कुणीतरी खोडसाळपणा करतंय. त्यांनी कॅमेरा काढून नेला. बॅटरी काढून कचेरीत टेबलावर ठेवला.

फोटो आले. तीच जागा, तोच फीडर.

दिवसागणिक कोल्बी वाळत होता. गाल बसले. दाढी वाढली. ओठांना भेगा पडल्या. मान मात्र वरच. बाई तशीच, पाठमोरी. ती वाळत नव्हती.

हे सगळं ह्यूस्टनमध्ये त्याच्या बायकोच्या फोनवरही दिसत होतं. लीआन तिचं नाव. ऑक्टोबरातले फोटोही तिला आले होते. तेव्हा तिनं आवाज बंद करून टाकला होता, सारखा फोन वाजतो म्हणून.

आता ती फोन हातातून खाली ठेवत नव्हती.

तिच्या लक्षात आलं, मोटर आपल्यालाही फिरवता येते.

तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबत राहिली. तेयो तेव्हा फीडरपाशीच होता. अचानक मोटर फिरायला लागली ती थांबेना. दाणे पावसासारखे. त्याच्या पायाशी मक्याचा थर साचला.

लीआनचा फोन आला. ती ओरडत होती. "पडतोय का? तेयो, मका पडतोय का?"

"पडतोय, मॅडम. खूप पडतोय."

"मग फोटोत का नाही दिसत? त्याचं तोंड उघडं आहे! तो वाट बघतोय! फोटोत एकसुद्धा दाणा नाही!"

"मॅडम..."

"पाणी ठेव! तू पाणी ठेव तिथे!"

तेयोनं बादली भरून ठेवली. दालियानं बीन्सचं भांडं आणि टॉर्टिया फडक्यात बांधून दिल्या, त्या ठेवल्या. फोटो आला. बादली नाही. फडकं नाही. कोरडी जमीन आणि दोघं.

"ठेवलंस का? खरं सांग, ठेवलंस का?" लीआन विचारत होती.

"ठेवलंय, मॅडम. माझ्या पायाशीच आहे."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्यानं माझ्याकडे पाहिलं आत्ता."

तेयोनं फोटो पाहिला. कोल्बीची मान पहिल्यांदाच खाली आली होती. तो कॅमेऱ्यात बघत होता.

मी पाहिलेल्या दोन फोटोंपैकी हा दुसरा. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही.

पुढच्या फोटोत तो आडवा होता. त्यानंतर फोटो आले नाहीत.

कोल्बी प्रूइट सापडला नाही. हाड नाही, कपडा नाही. वेड आणि डॅरेल पुन्हा रेतामाला आले नाहीत, सामान न्यायलासुद्धा नाही. लीआनला तिच्या बहिणीनं आपल्याकडे नेलं. ऐकतो, की ती अजून अधूनमधून ते बटण दाबते. मालकिणीनं फीडर उतरवायला सांगितला. तेयोनं तो उतरवला, कापून भंगारात घातला.

त्याला वाटलं, संपलं. त्या बाईला हवं होतं ते तिनं घेतलं.

आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं होतं.

वसंतात एक बाई बसनं आली. ग्वातेमालाच्या डोंगरातली, मार्सेलिना चोक नाव. दफनभूमीतल्या त्या अनोळखी बाईची ओळख तपासणीतून पटली होती. एलुविया चोक. मार्सेलिना तिची धाकटी बहीण.

तिला ती जागा बघायची होती. तेयो घेऊन गेला, दालियाही बरोबर गेली. फीडरच्या तीन पायांचे खड्डे अजून दिसत होते. मार्सेलिना तिथे बसली. तिनं पिशवीतून मेणबत्ती काढली, वारा होता म्हणून दालियानं दोन्ही हातांचा आडोसा धरला.

परत आल्यावर ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली.

"सेन्योर, तिचे फोटो आहेत म्हणतात. तुमच्याकडे."

तेयोनं दालियाकडे पाहिलं.

"दाखव," दालिया म्हणाली. "तेवढं तरी कर."

त्यानं ऑक्टोबरातले फोटो काढून फोन तिच्या हातात दिला. मार्सेलिनानं अंगठ्यानं काचेवरून बहिणीचं डोकं कुरवाळलं.

"ते जाकीट माझं," ती म्हणाली. "मी दिलं होतं. वाटेत थंडी वाजेल, असं लोक म्हणाले होते."

मग ती एकेक फोटो पुढे सरकवत गेली. तेयोला भान राहिलं नाही, की पुढे काय आहे. भान आलं तेव्हा उशीर झाला होता.

"हा गोरा माणूस कोण?"

"तो... त्याचा फीडर होता."

"आणि ही?"

तेयोला वाटलं, तिला नीट दिसत नसेल. "ती तुमची बहीण. शेजारी बसलीय ती."

मार्सेलिनानं फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"पाठमोरी आहे म्हणून..."

"नाही, सेन्योर. एलुविया निघाली त्याच्या आदल्या दिवशी मीच तिचे केस कापले. मानेपर्यंत. रस्त्यात धुवायला नकोत म्हणून." तिनं फोन त्याच्यासमोर धरला. "ही वेणी बघा. कमरेच्या खाली आलीय. खांदे बघा. ही चाळिशीची बाई नाही. ही पोरगी आहे."

तेयोनं बघितलं.

वेणी होती. सगळ्या फोटोंत होती. पोलिसांनी ते फोटो पाहिले होते, लीआननं पाहिले होते, तेयोनं तर रोज पाहिले होते.

जाकीटही नव्हतं. तिच्या अंगावर कसलासा फिकट झगा होता, आताचा वाटत नव्हता.

मार्सेलिना त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. नवल वाटल्यासारखी.

"इतक्या जणांनी पाहिलं," ती म्हणाली, "आणि कुणालाच कळलं नाही?"

तेयोनं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

ती पोरगी कोण, कधीची, एकटीच होती की तिच्याबरोबर आणखी कुणी, काही कळायला मार्ग नाही. रेतामाचं रान अफाट आहे. फीडर तर त्या जागी गेल्या वर्षीच लागला होता.

मग एलुविया कुठे गेली? आणि ते दाणे कोण वेचत होतं?

आता दर रविवारी प्रार्थना आटोपली की तेयो आणि दालिया काठ्या घेऊन मागच्या कुरणात जातात. निवडुंगाच्या जाळ्या उचकतात, वाळू उकरतात. दिवस मावळायच्या आत परत येतात.

अजून काही सापडलेलं नाही.

मागच्या महिन्यात तो आमच्याकडे जेवायला आला होता. मी विचारलं, ते फोटो पुसून टाकलेस का?

"टाकले," तो म्हणाला.

फोन त्यानं ताटाशेजारी पालथा ठेवला होता. जेवण होईपर्यंत त्याचा डावा हात त्याच्यावरून हलला नाही.